लुकमा : अडलेल्याला द्यायचा घास

इशाच्या नमाजनंतर रमजानमध्ये मशिदीत तरावीहची नमाज होते, हे रत्नागिरीकरांना नव्याने सांगायला नको. राजिवडा, कर्ला, मिरकरवाडा किंवा कोकणनगरच्या रस्त्याने रात्री जाणाऱ्याच्या कानावर ती तिलावत पडतेच. पण त्या नमाजमध्ये एक लहानशी गोष्ट घडते. बाहेरून जाणाऱ्याला ती समजत नाही आणि आत उभ्या असलेल्या आपल्यालाही तिची इतकी सवय झालेली असते की तिच्याकडे लक्ष जात नाही.

इमामती करणारा हाफिज संपूर्ण कुराण, म्हणजे तीस पारे, ११४ सुरा, महिनाभरात थोडे थोडे करून तोंडपाठ म्हणतो. बहुतेक ठिकाणी ते सत्ताविसाव्या रात्री पूर्ण होते. समोर ग्रंथ नसतो. हाफिज झाला तरी माणूसच. कुठेतरी अडतो, नाहीतर सारख्याच सुरुवातीच्या दोन आयतींपैकी एकीवरून दुसरीवर घसरतो. अशा वेळी पहिल्या सफीत, बरोबर त्याच्या मागे, दुसरा एक हाफिज उभा असतो. त्याला सामे म्हणतात, म्हणजे ऐकणारा. तो सुटलेला शब्द मोठ्याने उच्चारतो. इमाम तो शब्द उचलतो, दोन पावले मागे जाऊन आयत पुन्हा धरतो आणि पुढे निघतो. याला म्हणतात लुकमा देणे. लुकमा म्हणजे घास.

चूक सुधारण्याला घास म्हणणारी भाषा मला फार शहाणी वाटते. शब्द जाऊ द्या, ती कृतीच नीट पाहा. सामे लगेच तोंड उघडत नाही. इमामाला आपले आपण सापडते का, याची क्षणभर वाट पाहतो. मग अडलेला तेवढाच शब्द देतो. पूर्ण पान स्वतः म्हणून दाखवत नाही. सलाम फिरवल्यावर कोणी मागे वळून हसत नाही, ‘काल पण तू इथेच अडकला होतास’ असे म्हणत नाही. आणि दुसऱ्या रात्री मुसल्यावर तोच हाफिज उभा असतो. कधी कधी तर सामे म्हणून उभा असतो चौदा-पंधरा वर्षांचा पोरगा आणि समोर त्याच्या उस्तादांच्या वयाचे इमाम. पोराचा लुकमा घेण्यात त्यांना कमीपणा वाटत नाही.

हीच आपण माणसे तरावीह आटोपून घरी येतो. दिवाणखान्यात दुसरीतले पोर वही घेऊन बसलेले असते. त्याने त्रेसष्टच्या जागी छत्तीस लिहिलेले असते. आणि मग? ‘डोके आहे का खोके?’ ‘शेजारचा बघ कसा लिहितो.’ ‘फी काय झाडाला लागते?’ हे फक्त मुसलमानांच्या घरात होते असे मुळीच नाही. मारुती मंदिराच्या आसपासच्या कोणत्याही सोसायटीत संध्याकाळी सातनंतर जिन्यात उभे राहा. भाषा थोडी बदलेल, सूर बदलणार नाही.

रमजानच्या पानावर शिक्षणाचा विषय निघाला की ‘इक्रा’ म्हणजे ‘वाच’, हा पहिला शब्द सांगून लेख संपवायची आमची पद्धत आहे. तो शब्द आमच्या अभिमानाचा आहेच. पण वाचायला शिकताना पोराच्या डोक्यात नेमके काय चालते, ते अडते कुठे आणि अडल्यावर घरातल्याने काय करायचे, हा पुढचा प्रश्न. त्याबद्दल आज लिहायचे आहे.

तर तो छत्तीस. मुलाने ‘त्रेसष्ट’ ऐकले. कानावर आधी आले तीन, मग साठ. ऐकले त्याच क्रमाने त्याने लिहिले : ३, मग ६. त्याच्या बाजूने पाहिले तर त्याने चूक केलीच नाही. ऐकलेले इमानाने उतरवले. चूक असलीच तर आपल्या संख्यांच्या नावांची. वर देवनागरीतले ३ आणि ६ हे आरशातल्या जोडीसारखे. म्हणून तर दोघांचे पटत नसले की आपण छत्तीसचा आकडा म्हणतो, पाठीला पाठ लावून बसलेले. सहा वर्षांच्या मुलाला हे दोन आकडे वेगळे ओळखणे मुळातच कष्टाचे असते, त्याचे कारण पुढे येईल.

२०१९ च्या जून महिन्यात यावरून महाराष्ट्रभर केवढा गदारोळ झाला होता, ते वाचकांना आठवत असेल. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘त्रेसष्ट’च्या जोडीला ‘साठ तीन’, ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ अशी वाचनाची पद्धत दिली होती. जुने शब्द काढले नव्हते, नवी पद्धत सोबत ठेवली होती. पण टीव्हीवर, मोबाइलवर, अगदी विधिमंडळातही तिची टर उडवली गेली. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे समजावत राहिल्या. लहान मुलाला जोडाक्षरांनी भरलेली शंभर वेगवेगळी नावे पाठ करावी लागतात, त्यातही एककाचा अंक आधी आणि दशकाचा नंतर येतो, त्यामुळे गणिताचीच भीती बसते, असे त्यांचे म्हणणे. कानडी-तेलुगूत दशक आधी येतो, इंग्रजीतही. नॉर्वे देशाने तर १९५१ साली आपली उलटी पद्धत सोडून दशक आधी म्हणायचे अधिकृतपणे ठरवले. नारळीकरबाई २०२३ मध्ये गेल्या. त्यांची थट्टा करणाऱ्यांपैकी किती जणांनी एकदा तरी दुसरीतल्या मुलाशेजारी बसून त्याला ‘एकोणऐंशी’ लिहायला सांगितले होते, कोण जाणे. गंमत पाहा, ८९ ला आपण म्हणतो एकोणनव्वद, नव्वदाला एक कमी. मग ९९ ला एकोणशंभर का नाही? तिथे नव्व्याण्णव. मुलाने ‘एकोणशंभर’ म्हटले तर ते चुकले असे आपण म्हणतो. खरे तर त्याने नियम पकडलेला असतो. मोडला आहे तो भाषेने.

आता आमच्या मोहल्ल्यातले पोर घ्या. घरात ते बोलते कोकणी मुसलमानांची बोली, जी रत्नागिरीच्या इतर बोलींची सख्खी बहीण आहे. शाळा जिल्हा परिषदेची उर्दू. तिथे त्रेसष्टचे तिरसठ होते. मराठी विषय आहे, तिथे पुन्हा त्रेसष्ट. इंग्रजीत सिक्स्टी थ्री. सकाळी किंवा असरनंतर मक्तबमध्ये कायदा, त्यातली अक्षरे अरबी. उर्दूची ओळ उजवीकडून डावीकडे, पण त्याच ओळीत संख्या आली की ती लिहायची डावीकडून उजवीकडे. मराठी-इंग्रजीची ओळ मुळातच डावीकडून. सात वर्षांचे मूल दिवसभरात तीन लिप्यांतून आणि दोन दिशांनी प्रवास करते. मोठ्या माणसाला ऑफिसात असे करावे लागले असते तर त्याने युनियन काढली असती.

या वयात मुले अक्षरे आरशातल्यासारखी उलटी काढतात आणि आई घाबरते. मेंदूविज्ञान याबद्दल दिलासा देणारे सांगते. फ्रान्सचे स्तानिस्लास देहान यांनी वाचनाच्या वेळी मेंदूत काय होते याचा अभ्यास केला आणि २००७ मध्ये त्यावर सविस्तर पुस्तक लिहिले. माणसाचा मेंदू वाचनासाठी घडलेला नाही. वस्तू ओळखणारा भागच अक्षरांसाठी वापरावा लागतो. आणि वस्तू ओळखताना डावे-उजवे सारखेच मानणे हा शहाणपणा असतो. मांजर डावीकडे तोंड करून बसले काय आणि उजवीकडे काय, मांजर ते मांजरच. ही हुशारी अक्षरांपुरती विसरायला लागते, त्याला वेळ लागतो. सहा-सात वर्षांपर्यंत उलटी अक्षरे निघणे हे मठ्ठपणाचे लक्षण नव्हे. आठ-नऊ वर्षांनंतरही ते टिकले, वाचनात फार अडखळणे असले, तर शिक्षकांशी आणि तज्ज्ञांशी बोलावे. तोवर पट्टी कपाटात राहू द्यावी.

मुलांच्या चुकांकडे अशा नजरेने पाहायला जगाला शिकवणाऱ्यांत स्वित्झर्लंडच्या जाँ पियाजे यांचे नाव मोठे. तरुणपणी पॅरिसमध्ये मुलांच्या बुद्धिचाचण्यांवर काम करत असताना त्यांच्या ध्यानात आले की एका वयाची मुले एकाच तऱ्हेने चुकतात. म्हणजे ती अंदाजपंचे उत्तर देत नाहीत. त्यांच्या विचाराला त्यांची स्वतःची घडण असते. पुढची साठ वर्षे ते त्या घडणीमागे लागले. त्यांचा सर्वांत प्रसिद्ध प्रयोग इफ्तारच्या दस्तरखानावर करता येईल. दोन सारख्या वाट्यांत सारखे सरबत घ्या, मग एका वाटीतले उंच निमुळत्या ग्लासात ओता. पाच वर्षांचे पोर सांगेल, ग्लासात जास्त आहे. त्याच्या डोळ्यांदेखत ओतले तरी! सात-आठ वर्षांचे झाले की तेच मूल हसून म्हणते, तेवढेच तर आहे. मधल्या काळात त्याला कोणी धडा दिलेला नसतो. ओतून, सांडून, मोजून, भावंडांशी ‘तुला जास्त मला कमी’ भांडून ते तिथवर पोचलेले असते.

नंतरच्या अभ्यासकांनी पियाजेंना काही ठिकाणी खोडले, आणि त्यातला एक मुद्दा आई-वडिलांनी अवश्य लक्षात ठेवावा. स्कॉटलंडच्या मार्गारेट डोनाल्डसन यांनी १९७८ मध्ये लिहिले की मोठ्या माणसाने तोच प्रश्न पुन्हा विचारला, की मुलाला वाटते, आपले आधीचे उत्तर चुकले असणार. आणि ते बदलते. आपण ‘नक्की? परत सांग!’ असे डोळे वटारून म्हणतो आणि बरोबर उत्तर चुकीचे करून घेतो. वर म्हणतो, ‘बघ, तुला येतच नव्हते.’

पाठांतराबद्दल मात्र मला थोडे उलट बोलायचे आहे. घोकंपट्टीला नावे ठेवण्याची सध्या फॅशन आहे आणि त्यात मदरसे नेहमी पहिल्या रांगेत उभे केले जातात. अर्थ न कळता पाठ करण्यात धोका आहे, हे मान्यच. अरबीचा अर्थ न कळता कायदा संपवणारी मुले आमच्याकडे आहेत, रामरक्षेचा अर्थ न कळता ती म्हणणारी तुमच्याकडे असतील, आणि सतराचा पाढा अर्थ न कळता म्हणणारी दोन्हीकडे. पण हिफ्जची जी रीत शेकडो वर्षे चालत आली आहे तिच्यात शिकण्याविषयीचे एक पक्के ज्ञान दडलेले आहे. मुलगा रोज तीन गोष्टी ऐकवतो. सबक म्हणजे आजचा नवा पाठ. सबकी म्हणजे गेल्या काही दिवसांचा. आणि मंजिल, काही ठिकाणी त्याला आमोख्ता म्हणतात, म्हणजे खूप आधी झालेला जुना भाग. नवे थोडे आणि जुने फिरून फिरून. शिवाय पाहून वाचायचे नसते, आठवून म्हणायचे असते, आणि समोर ऐकणारा असतो.

जर्मनीच्या हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवले की पाठ केलेले सुरुवातीला भराभर विसरते, आणि अंतर ठेवून उजळणी केली तर टिकते. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकन संशोधकांनी विद्यार्थ्यांचे दोन गट केले. एकाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्याने पुस्तक मिटून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर आठवणारे बरेच पुढे. आपल्या कोकणातल्या वेदपाठशाळांनाही हे ठाऊक होते. पद, क्रम, जटा, घन अशा रीतींनी शब्द पुढे-मागे फिरवून म्हणायचे, म्हणजे एक मात्राही हलत नाही. युनेस्कोने २००३ मध्ये वेदपठणाच्या या परंपरेचा जागतिक वारसा म्हणून गौरव केला. पाठशाळेतला बटू आणि मदरशातला तालिब-ए-इल्म एकमेकांच्या वर्गात दिवसभर बसले तर त्यांना एकमेकांची शिकण्याची रीत मुळीच परकी वाटणार नाही.

मग दहावीच्या पोराला आपण काय सांगतो? ‘वाचत बस.’ ते पिवळ्या-गुलाबी मार्करने पान रंगवत तासन्‌तास बसते आणि आपल्याला बरे वाटते. त्यापेक्षा आईने पुस्तक हातात घ्यावे आणि म्हणावे, ‘सांग मला, काय वाचलेस.’ आईला विज्ञान येत नसले तरी बिघडत नाही. सामेला अख्खे कुराण पाठ असावे लागते. आईच्या समोर तर पुस्तक उघडे असते! पोर अडले तर थांबायचे, मग एक शब्द द्यायचा. घरात कमी शिकलेली आई आहे म्हणून मुलाचा अभ्यास घेणारे कोणी नाही, ही समजूत आपण काढून टाकली पाहिजे. आमच्याकडे हे विशेष महत्त्वाचे. कारण कित्येक घरांतला बाप कुवेत, दुबई, सौदीत किंवा जहाजावर असतो. मुलाचे शिक्षण आई, दादी आणि क्लासवाले यांच्यावर, आणि बापाचा वाटा महिन्याचे पैसे आणि व्हिडिओ कॉलवरचा एक प्रश्न : ‘किती मार्क पडले?’ त्या प्रश्नाला मुलाकडे एका आकड्याखेरीज उत्तर नसते. कॉल संपतो. त्याऐवजी ‘आज बोटीवर काय आले, पापलेट काय भावाने गेले, तुला कसे कळले?’ असे विचारले तर दहा मिनिटे पुरणार नाहीत.

बोटीवरून आठवले. मिरकरवाड्याच्या जेटीवर लिलाव चालू असताना तिथल्या घरांतली पोरे आजूबाजूला हिंडत असतात. पाटीचा भाव, किलोचा भाव, सुटे पैसे यांचा हिशोब तोंडी करणारी दहा-बारा वर्षांची मुले तिथे सापडतील. तेच मूल वर्गात फळ्यावरच्या गुणाकारापुढे गप्प. ब्राझीलच्या रेसिफे शहरात १९८० च्या दशकात अभ्यासकांनी रस्त्यावर विक्री करणारी मुले पाहिली. विकताना त्यांचे जवळजवळ प्रत्येक उत्तर बरोबर. तीच गणिते कागदावर नुसत्या आकड्यांत दिली तेव्हा शंभरात सदतीसच्या आसपास. आपल्याच देशात, कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या चौदाशेहून अधिक मुलांचा अभ्यास अभिजित बॅनर्जी, एस्तेर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. तो २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये आला आणि निष्कर्ष तोच निघाला. त्याची दुसरी बाजू जास्त झोंबणारी : शाळेत बरी असलेली मुले बाजारातल्या हिशोबात अडखळली. म्हणजे शाळेचे गणित घरी येत नाही आणि घरचे शाळेत जात नाही. मुलांनी शाळा सोडून जेटीवर जावे असा याचा अर्थ कोणी काढू नये. दोन गणितांमध्ये पूल बांधायचे काम शिक्षकांचे आहे आणि घरातल्यांचेही.

हा पूल बांधणारी माणसे महाराष्ट्रात होऊन गेली आहेत. ताराबाई मोडक आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम केले. माँटेसोरीची महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती. त्यांनी शंख-शिंपले, बिया, खडे, काड्या अशा आसपासच्या वस्तू वापरल्या. मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे कळल्यावर शाळाच कुरणात नेली, ती कुरणशाळा. मोठी मुलगी धाकट्याला सांभाळते म्हणून अडते, तर धाकट्यालाही आत घेतले. ‘ही मुले शिकत नाहीत’ असे न म्हणता ‘आपण कुठे उभे राहिलो तर ती शिकतील’ असे त्या विचारत गेल्या. आजच्या अंगणवाडीची मुळे त्या कामात आहेत. आपल्याकडे तर शिंपले, काजूच्या बिया, करवंट्या, सुपाऱ्या यांना तोटा नाही. तरी शहरातल्या नर्सरीत तीन वर्षांच्या पोराकडून प्लास्टिकच्या तक्त्यावर बोट ठेवून ‘ए फॉर ॲपल’ म्हणवून घेतले की पालक खूश. ज्या गावात हापूस पिकतो तिथे ॲपल!

भाषेबद्दलही थोडे बोलले पाहिजे. इंग्रजी माध्यमात घातले की पुष्कळ घरांत पोराशी घरचीही भाषा बोलणे बंद होते. ‘वॉटर पी’, ‘फिश खा’ अशी धड ना इकडची, ना तिकडची भाषा सुरू होते. दादीला ती येत नाही, म्हणून दादी गप्प होते. आणि दादी गप्प झाली की गोष्टी थांबतात, कोडी थांबतात, ‘तुझा बाप तुझ्याएवढा होता तेव्हा’ थांबते. मुलाची विचारशक्ती वाढते ती या लांबलचक बोलण्यावर. कारण काय, मग काय झाले, असे कसे, हे सगळे मूल घरच्या भाषेत शिकते आणि तेच पुढे दुसऱ्या भाषेत घेऊन जाते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावे असे म्हटले आहे. माध्यम कोणते निवडायचे हा ज्याचा त्याचा प्रश्न, त्यात पोटापाण्याची गणिते असतात. इंग्रजीवर माझा राग नाही. पण शाळा इंग्रजी आहे म्हणून दादीला रिटायर करू नये.

मूल काय पाहून शिकते, हे रमजानइतके ठळकपणे क्वचित दिसते. लहान मुलांवर रोजा फर्ज नाही. पण सहा-सात वर्षांची पोरे हट्ट धरतात, मला पण सहरीला उठवा. मग दुपारपर्यंतचा रोजा होतो. उर्दू घरांत त्याला चिडी रोजा म्हणतात, चिमणीचा रोजा. कोणी त्याला खोटा रोजा म्हणत नाही. इफ्तारचे ताट शेजारी न्यायचे काम मुलाचे, खजूर मोजून ठेवायचे काम मुलीचे. गणपतीत आरतीला झांज वाजवणारे, शिमग्यात पालखीखाली शिरायला धडपडणारे पोरही असेच शिकते. मोठ्यांच्या खऱ्या कामात त्याला छोटा, पण खरा वाटा मिळतो. बार्बरा रोगॉफ या अभ्यासिकेने ग्वाटेमालातल्या माया लोकांच्या गावात हेच वर्षानुवर्षे पाहिले : बघत बघत, हात लावत लावत शिकणे. अशा शिकण्यात कोणी मुलाला परीक्षेला बसवत नाही, आणि तरी ते शिकते. अभ्यासाच्या बाबतीत मात्र आपण त्याला एकटे खोलीत कोंडतो आणि बाहेर टीव्ही लावतो.

आता न आवडणारी गोष्ट. छडी. शिक्षणहक्क कायद्याने २००९ मध्येच शाळेत मुलाला मारणे आणि त्याचा मानसिक छळ करणे, दोन्हींना बंदी केली. २०१२ च्या दुरुस्तीने मदरसे आणि वेदपाठशाळा या कायद्याच्या बाहेर ठेवल्या गेल्या. धार्मिक शिक्षणाचे स्वातंत्र्य राखण्यासाठी ते ठीक. छडी राखण्यासाठी ती सवलत दिलेली नाही. आमच्या काही मक्तबांत अजून छडी आहे, हे मोहल्ल्यात सर्वांना माहीत असते आणि सगळे मान खाली घालतात. ‘मौलवीसाहेबांनी मारले म्हणून तर आम्ही शिकलो’ हे वाक्य आपण ऐकतो. ‘मास्तरांनी मारले म्हणून’ हेही ऐकतो. मार खाऊन जे शिकले नाहीत, पळून गेले, ज्यांना पुस्तक दिसले की पोटात गोळा येतो, ते हे वाक्य बोलायला समोर नसतात. हजरत अनस दहा वर्षांच्या वयात पैगंबरसाहेबांच्या सेवेत आले आणि दहा वर्षे राहिले. पुढे ते सांगत की त्या काळात आपल्याला कधी ‘उफ्’ही म्हटले गेले नाही, हे का केलेस आणि ते का नाही केलेस असे विचारले गेले नाही. ही हदीस आमच्या प्रत्येक मौलवीसाहेबांना पाठ आहे. मशिदीच्या आणि मक्तबच्या कमिट्यांनी याच महिन्यात, चंद्याची पावती फाडताना, हा विषय काढावा. भीतीखाली आठवण चालत नाही. अडलेल्या हाफिजावर मागून कोणी ओरडले असते तर त्याला पुढची आयत आठवली असती का?

सध्याची काही वर्षे मुलांच्या दृष्टीने कसोटीची आहेत. चांद्र वर्ष अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे रमजान मागे सरकत फेब्रुवारी-मार्चमध्ये आला आहे. २०२५ मध्ये पहिला रोजा २ मार्चला होता, दहावीची परीक्षा १७ मार्चपर्यंत, आणि मधे १३-१४ ला होळी. म्हणजे एकाच मोहल्ल्यात तरावीह, एकाच वाडीत शिमग्याचे ढोल आणि दोन्हीकडे दहावीची पोरे. त्यांना सर्वांत जास्त गरज असते ती झोपेची. दिवसभर शिकलेले मेंदूत पक्के होते ते झोपेत. रात्री जागून वाचलेले सकाळी पेपरात सापडत नाही. ज्या घरात परीक्षेचे पोर आहे त्या घराने इफ्तारनंतरच्या पाहुण्यांचे, बाजारातल्या फेऱ्यांचे थोडे आवरते घ्यावे. बाजार ईदच्या आदल्या रात्रीही उघडा असतो. आणि शेजारी ढोल असो की लाऊडस्पीकर, दहानंतर आवाज कमी करा असे एकमेकांना सांगण्याइतकी ओळख आपल्या गावात अजून शिल्लक आहे. तेवढे सांगायला पोलिसांची गरज पडू नये.

ईदला पोरांना ईदी मिळते. दहाच्या, वीसच्या, पन्नासच्या नोटा. मामूकडून जास्त, चाचाकडून कमी, हे त्यांना बरोबर आठवत असते. बहुतेक घरांत ती संध्याकाळी आई ‘सांभाळायला’ घेते आणि पुन्हा तिचे दर्शन होत नाही. यंदा पोराला एक वही द्यावी. कोणाकडून किती आले, त्याने लिहावे, बेरीज त्याने करावी. दोन दिवस बेरीज चुकेल. चुकू द्यावी, पैसे त्याचे आहेत, तिसऱ्या दिवशी ते स्वतःच येऊन विचारील की वहीत इतके आणि डब्यात इतके, हे असे कसे.